खाडीतल्या जीपचं मीटर

वाशीगाव,
३ डिसेंबर १९८२

शिवरामदादा,

पाया पडून लिहिते. हे पत्र एकट्यानं वाच, वहिनीलाही इतक्यात दाखवू नकोस. इथं कोणाजवळ बोलायची सोय नाही, आणि गप्प राहून माझा जीव कासावीस झालाय.

ह्यांना ऐकू येत नाही.

दोन वर्षं तुर्भ्याकडच्या खदानीत डंपर चालवला, रोजचे सुरुंग, त्यात कान गेले असं वाशीतले डॉक्टर म्हणाले. उजवा पार गेला. डाव्या बाजूनं, समोर उभं राहून, मोठ्यानं बोललं तर थोडं कळतं. औषध नाही म्हणाले. हे लोकांच्या ओठांकडे बघून निभावून नेतात. चार माणसं हसली की हेही हसतात. मी आणि सासूबाई सोडून कोणाला पत्ता नाही. ऑफिसात कळलं तर त्याच दिवशी जीपची किल्ली काढून घेतील. बहिऱ्याच्या हातात गाडी कोण ठेवील?

काम तर तुला ठाऊक आहे. सर्व्हेच्या ठेकेदाराची जीप. नवं शहर वाढतंय म्हणून खाडीकाठच्या दलदलीत, खाजणात शिरून जमिनीची मोजणी चालते. दिनानाथ म्हणून साहेब आहेत, आणि आपल्याच गावचा गणू मोजणीची साखळी धरायला असतो. ओहोटी लागली की जीप बांधावरून चिखलात उतरवायची, पाव मैल आत जायचं, आणि भरतीचं पाणी यायच्या आत बाहेर निघायचं. चिखलात रेस जास्त झाली तर चाकं खणतात आणि गाडी पोटावर बसते. कमी झाली तर इंजिन दबून बंद पडतं. मधल्या एका आवाजावर धरून ठेवावं लागतं, असं हेच मला सांगायचे. तोच आवाज आता ह्यांना येत नाही.

गेल्या मंगळवारी गाडी आत दोनदा बंद पडली. गणू संध्याकाळी दारात येऊन मला हळूच म्हणाला, "वैनी, आज पानी चाकांना लागलं. दादाचं काय तरी बिघडलंय, तू ईचार." मी काय विचारू? मला ठाऊकच आहे. तेव्हापासून हे खाडीत गेले की मी चुलीपाशी बसते आणि भाकरी करपेपर्यंत माझं लक्ष बांधाकडे असतं. सोड म्हटलं तर ऐकत नाहीत. तेही कानांमुळे नाही, हट्टानं.

तू मोटारीच्या वायरिंगमधला माणूस. असं काही यंत्र असतं का रे, जे इंजिनाचा आवाज डोळ्यांना दाखवील? हसू नकोस. सातवी शिकलेल्या बाईला याहून जास्त काय सुचणार. पण लवकर कळव.

तुझी,
गोजरा


नगर,
९ डिसेंबर १९८२

गोजरे,

तुला आणि पोरांना आशीर्वाद. पत्र गॅरेजात वाचलं आणि त्यानंतर माझ्या हातून एक सांधा नीट जमेना. शेठ म्हणाला, शिवराम, ताप आलाय का?

तू हे इतके दिवस पोटात ठेवलंस याचा मला राग आला आहे, तो आधी घे. दुसरं, जयदेवरावांना सांग की खाडीत जाऊ नका. हे मी सांगतोय आणि सांगताना मलाच ठाऊक आहे की ते ऐकणार नाहीत. नव्या शहरात शेत गेलं, मिठागर गेलं, हातात एक स्टीअरिंग उरलं. ते सोडून माणूस घरात बसणार कसा? मीही बसलो नसतो.

तर आता तुझ्या यंत्राचं. आहे असं यंत्र. आरपीएमचं मीटर म्हणतात. इंजिन मिनिटाला किती फेरे घेतं ते सुई दाखवते. आपल्या जीपला ते कंपनीकडून येत नाही, पण बाहेरून बसवता येतं. आमच्याकडे एक जुनी अमेरिकन गाडी भंगारात निघाली, तिचं मीटर मी शेठकडून मागून घेतलं. कांद्याचा ट्रक घेऊन मधुकर ड्रायव्हर दर आठवड्याला वाशीच्या मार्केटात येतो, त्याच्या हाती पाठवतोय. ती गाडी आठ सिलिंडरची होती आणि तुमची जीप चारची, म्हणून सुई खऱ्याच्या निम्मंच दाखवील. आकड्यांच्या नादी लागू नका. कुठं बरं चालतं आणि कुठं बिघडतं ते बघून काचेवर खुणा करा.

वायरी तीन आहेत. काळी बॉडीच्या बोल्टला, तिथला रंग खरवडून. लाल किल्लीच्या मागं, किल्ली फिरवल्यावर जिथं करंट येतो तिथं. हिरवी सगळ्यात महत्त्वाची. बॉनेटखाली काळा डबा असतो, त्याला कॉइल म्हणतात. तिच्या डोक्यावर दोन बारके नट असतात. जो नट डिस्ट्रिब्युटरकडे जातो त्याला हिरवी लावायची. कॉइल इंजिनाचा जीव आहे असं समज, तिच्यातून ठिणगी निघते म्हणून इंजिन फिरतं. ही हिरवी वायर कुठं सोलून बॉडीला टेकता कामा नये. टेकली की ठिणगी गेली, इंजिन जागच्या जागी बंद. पत्र्याच्या भोकातून नेताना रबर घालायचं, तेही पाठवलंय.

हे सगळं त्यांना वाचून दाखव. आणि बसवून झाल्यावर लगेच लिही, नाहीतर मी इथं झोपणार नाही.

शिवराम


वाशीगाव,
२७ डिसेंबर १९८२

दादा,

मीटर बसलं. काल रविवार, जीप घरी होती. तुझं पत्र मी एकेक ओळ मोठ्यानं वाचत होते आणि हे पान्हा हातात धरून माझ्या तोंडाकडे बघत होते. हिरवी वायर मीच धरली. हातात धरताना भीती वाटली, हे म्हणाले, अगं अजून किल्ली लावलेली नाही. किल्ली फिरवून इंजिन चालू केलं आणि सुई उठली. हे तिच्याकडे बघत राहिले. मग पाय दाबायचे, सुई वर, पाय सोडायचे, सुई खाली. पाच-दहा मिनिटं हाच खेळ चालला. सासूबाई म्हणाल्या, पेट्रोल जळतंय ना रं.

आता खुणा करायच्या तर आवाज कोणाला कळणार? ह्यांना येत नाही आणि मला त्यातलं कळत नाही. मग ह्यांनी युक्ती काढली. चिखलातला बरोबर आवाज ह्यांच्या आठवणीत आहे. तो ह्यांनी तोंडानं काढून दाखवला, घशातून, घुंऽऽ असा. म्हणाले, गोजरे, हा ध्यानात ठेव, आणि इंजिनाचा असा झाला की माझा हात दाब. बांधाच्या अलीकडे मऊ जमीन आहे तिथं जीप नेली. मी शेजारी बसले. अगदी तसाच आवाज आला तेव्हा हात दाबला. ह्यांनी सुई बघितली. मग दबून बंद पडायच्या आधीचा आवाज, मग चाकं खणायला लागतात तो. शेजारच्या सुनंदाच्या नेलपॉलिशनं मी काचेवर दोन लाल रेघा ओढल्या. सुई दोन रेघांच्या मधे ठेवायची, बस.

गावातल्या बायका बघून हसत होत्या, नवराबायको जीप घेऊन हवा खायला निघालेत म्हणून. हसू देत. आज हे खाडीत जाऊन आले, गाडी एकदाही बंद पडली नाही. दिनानाथ साहेबांनी विचारलं, हे घड्याळ कशाला? ह्यांनी सांगितलं, मेव्हण्यानं भेट दिलं.

भीती गेली म्हणू का? गेली नाही दादा. इंजिनाचं झालं, पण मागून कोणी हाक मारली तर? पाणी आलं म्हणून कोणी ओरडलं तर? पाण्याला काही सुई नाही. पण निदान भाकरी आता करपत नाहीत. वहिनीला माझा नमस्कार सांग, आता तिला सांगितलंस तरी चालेल.

गोजरा


वाशीगाव,
१ फेब्रुवारी १९८३

दादा,

तुझं संक्रांतीचं पत्र मिळालं, उत्तराला उशीर झाला. सगळं छान चाललं होतं. पण शनिवारपासून सुई थरथरते. एकदम खाली पडते आणि पुन्हा वर येते, आणि त्या वेळी गाडीला धक्का बसतो असं हे म्हणतात. सडकेवर कमी, चिखलात जास्त. काल खाडीत तीनदा झालं. तिसऱ्या वेळी इंजिन बंदच पडलं होतं, मग आपोआप चालू झालं.

घरी आणून ह्यांनी सगळं तपासलं. उभ्या गाडीत सुई एकदम शांत. हिरवी वायर कुठंही सोललेली नाही. रबर जागेवर आहे. मीटरच खराब आहे का? जुनं होतं म्हणालास. की आम्ही लावताना काही चुकलं? मी वाचून दाखवताना एखादी ओळ गाळली असेल असं वाटून मी तुझं जुनं पत्र चार वेळा वाचलं.

साहेबांना मोठी हद्द मोजायची आहे, पार आतपर्यंत, त्यासाठी पाणी खूप मागं जायला हवं. म्हणून येत्या अवसेचं उधाण धरलंय. त्या दिवसांत पाणी जेवढं लांब जातं तेवढंच जोरात परत येतं, हे तुला काय सांगायचं, तूही याच खाडीतला. लवकर लिही.

गोजरा


नगर,
८ फेब्रुवारी १९८३

गोजरे,

घाईत लिहितोय. हे पत्र मिळेल त्या मिनिटाला जयदेवरावांना दाखव.

मीटर खराब नाही. मीटर खराब असतं तर सुई पडली असती, पण गाडीला धक्का बसला नसता. सुई आणि इंजिन दोन्ही एकदम पडतात याचा अर्थ ठिणगीच तुटतेय. कॉइलच्या त्या नटाला काहीतरी टेकतंय आणि सुटतंय. गाडी हलली की टेकतं, उभी असली की लांब होतं, म्हणून घरी सापडत नाही. वायरच असेल असं नाही. एखादा सुटा पत्रा, क्लिप, कुठला खिळा, तांब्या-पितळेचं काहीही. मी तेव्हा फक्त वायरीचं लिहिलं, बाकीच्याचं लिहिलं नाही, ही माझी चूक झाली. कॉइलच्या आजूबाजूला वीतभर जागा मोकळी करा. काही असेल ते काढून टाका.

ते सापडेपर्यंत गाडी खाडीत घालू नका. उधाणात तर मुळीच नाही. हिरवी वायर कापून टाकली तरी चालेल, मीटर गेलं उडत. आज जाताना धक्के बसताहेत, उद्या ते टेकलेलं सुटणारच नाही आणि इंजिन पुन्हा चालूच होणार नाही.

मिळाल्याचं उलट टपाली कळव.

शिवराम


नगर,
२० फेब्रुवारी १९८३

गोजरे,

तुझं पत्र नाही. अमावास्या होऊन आठवडा झाला. मधुकर काल मार्केटाहून आला, त्याला गावात जाऊन यायला सांगितलं होतं. तुमच्या घराला कडी होती म्हणे, आणि शेजारची बाई एवढंच बोलली की जीपचं काहीतरी झालं. काय झालं ते त्या शहाण्यानं विचारलं नाही. त्याला शिव्या घालून काय उपयोग.

मी इथं कॉइलला हात लावला की हात मागं येतो. काल एका जीपची वायरिंग मी अर्धी टाकून घरी आलो. माझ्यामुळं झालं का? मी नसतं पाठवलं तर ते कधीच खाडीत जायचे थांबले असते, असं आता सारखं वाटतं. मी मीटर दिलं म्हणून त्यांना धीर आला आणि ते आत गेले. तू दोन ओळी लिही. वाईट असेल तरी लिही. तुझी वहिनी म्हणते, तार कर, पण तार हातात घेऊन तू आणखी घाबरशील म्हणून केली नाही. चार दिवस बघेन, नाहीतर मीच निघतो.

शिवराम


वाशीगाव,
२३ फेब्रुवारी १९८३

दादा,

हे जिवंत आहेत. ते आधी वाच आणि मग पाणी पी.

आम्ही सगळे करंजाड्याला सासूबाईंच्या माहेरी गेलो होतो, म्हणून घराला कडी होती. आता तुला जे लिहिते ते लिहायला मला नऊ दिवस लागले.

तुझा यात काही दोष नाही. कॉइलला जे टेकत होतं ते मी बांधलं होतं.

पुनवेच्या दिवशी सासूबाई मला करंजाड्याच्या भगताकडे घेऊन गेल्या. त्यानं तांब्याचा ताईत मंतरून दिला, काळ्या दोऱ्यात. म्हणाला, ज्या गाडीची भीती वाटते तिच्या जिवापाशी बांध, कोणाला सांगू नकोस, आणि अवस उलटेपर्यंत सोडू नकोस. आधी सोडलास तर उलटं होईल. गाडीचा जीव कुठं ते मला तुझ्या पत्रानं सांगितलं होतं. हे जेवायला बसले तेव्हा मी बॉनेट उघडून कॉइलच्या पट्टीला बांधला. लांब लोंबत ठेवला होता, वायरीला लागू नये म्हणून. तू वायरीचं लिहिलं होतंस ना, तेवढं मी जपलं.

आता याहून वाईट ऐक. तुझं आठ तारखेचं पत्र मला शनिवारी मिळालं. अवसेच्या आदल्या दिवशी. तांब्या-पितळेचं काहीही, असं वाचलं. मला तिथंच कळलं. पण अवस एक दिवसावर होती. आता सोडला आणि ह्यांना काही झालं तर मी सोडला म्हणून झालं, नाही सोडला आणि झालं तर मी बांधला म्हणून झालं. दोन्हीकडून मीच. शनिवारची रात्र, रविवारचा दिवस मी हाच विचार केला आणि पत्र तांदळाच्या डब्यात लपवलं. ठरवलं की सोमवारी अवस उलटली की संध्याकाळी गुपचूप सोडीन. एक फेरी तर आहे, असं मनाला समजावलं. एक फेरी.

सोमवारी सात वाजता हे खाली उतरले. मला घरात बसवेना, मी बांधावर गेले. मासळी घेऊन निघालेल्या बायका होत्या, त्यांच्यात उभी राहिले. नऊच्या सुमाराला जीप परत वळली. अर्ध्यावर आली आणि थांबली. पुन्हा चालूच झाली नाही. दिनानाथ साहेब आणि गणू खांद्यावर सामान घेऊन उतरले आणि गुडघाभर चिखलातून बांधाकडे यायला लागले. हे गाडीपाशी राहिले, बॉनेट उघडून आत डोकं घातलं.

खाडीचं पाणी समोरून येत नाही, तुला ठाऊक आहे. चिखलातल्या नाळांतून, त्या खोल चरांतून मागून येतं. साहेब बांधावर चढेपर्यंत जीप आणि बांध यांच्यामधली नाळ भरली होती. साहेबांनी हाका मारल्या, गाडी सोड, निघून ये. गणू ओरडला. बायका ओरडल्या. मीही ओरडले. ह्यांची आमच्याकडे पाठ. एकदाही मान वळली नाही. साहेब म्हणाले, हा माणूस वेडा आहे का? मी त्यांना सांगू शकत नव्हते आणि सांगितल्याशिवाय राहवत नव्हतं. शेवटी मीच म्हटलं, साहेब, त्यांना ऐकू येत नाही.

गणू तसाच पाण्यात उतरला. मांडीपर्यंत पाण्यातून जाऊन त्यानं ह्यांच्या खांद्यावर हात ठेवला. हे दचकून वळले, पाणी बघितलं, आणि पुन्हा बॉनेटमधे वाकले. मला वाटलं आता संपलं. मग ह्यांनी आतून काहीतरी ओढून तोडलं आणि दोघं गाडीत बसले. जीप चालू झाली. नाळ ओलांडताना पाणी लाइटांना लागत होतं. गणू सांगतो, "दादा पाण्याकडं बघतच नव्हता, नुसता त्या सुईकडं बघत होता, रेघांच्या मधी."

बांधावर आल्यावर साहेबांनी हात पुढं केला. ह्यांनी किल्ली दिली. घरी येऊन ह्यांनी खिशातून ताईत काढला, माझ्यासमोर पाटावर ठेवला आणि जेवायला वाढ म्हणाले. नोकरीचं काय ते कळलेलं नाही. आणि तुझं पत्र मला दोन दिवस आधी मिळालं होतं, हे ह्यांना ठाऊक नाही. सांगू का दादा? सांगितलं तर हे माझं तोंड बघतील का? तू सांगशील तसं करीन.

गोजरा


वाशीगाव,
१३ मार्च १९८३

शिवरामदादांना जयदेवचा नमस्कार.

मला पत्र लिहायची सवय नाही. नेहमी गोजराच लिहिते आणि मी खाली बसून असतो. पण हे मी लिहितो, तिला दाखवणार नाही.

तुमचं उत्तर आलं त्याच दिवशी तिनं मला सगळं सांगितलं. तांदळाच्या डब्यातलं पत्रही माझ्यासमोर ठेवलं. माझ्या ओठ वाचण्याचा तिला भरवसा नाही म्हणून पाटीवर लिहून दाखवत होती, आणि रडून रडून पाटी ओली झाली. मी ते वाचलं आणि मला राग आला, खोटं कशाला सांगू. दोन दिवस तिच्याशी बोललो नाही. मग विचार केला की माझंही एक आहे, ते मी कोणाला सांगितलेलं नाही. ते तुम्हाला सांगतो.

तो ताईत मला पहिल्याच आठवड्यात दिसला होता. तेलपाणी बघायला बॉनेट उघडतो, दिसणारच. काळा दोरा बघून कळलं कोणी बांधला ते. मी तसाच राहू दिला. बाईमाणसानं भीतीनं बांधलंय, मी सोडला तर तिची झोप उडेल. उभ्या गाडीत तो नटापासून बोटभर लांब होता. सुई थरथरायला लागली तेव्हा मी पॉइंट साफ केले, वायर बघितली, पेट्रोलची नळी काढली, सगळं केलं. ताईतावर माझी नजर पडायची आणि पुढं जायची. त्याच्यावर संशय घ्यायचं मनात आलं नाही. त्या दिवशी खाडीतही मी आधी बाकीचं सगळं उघडलं. गणूचा हात खांद्यावर पडला, वळून पाणी बघितलं, तेव्हा कुठं तो दिसला, नट आणि पट्टी यांच्यामधे अडकलेला. इतक्या वर्षांचा ड्रायव्हर मी. तेव्हा चूक तुमची नाही आणि एकट्या गोजराचीही नाही. तुम्ही वायरिंगचं काम सोडलंय असं तिनं सांगितलं, ते पुन्हा धरा. तुमचं मीटर नसतं तर त्या नाळेतून मी गाडी काढू शकलो नसतो. आवाज नव्हता, पाण्याकडे बघायची छाती नव्हती, फक्त सुई होती.

साहेबांकडे मी स्वतः गेलो. सांगितलं की दीड वर्ष झालं, मला ऐकू येत नाही, मी लपवलं, तुमचा आणि गणूचा जीव धोक्यात घातला. हात जोडले. साहेबांनी कागदावर लिहून दिलं की गाडी आता मिळणार नाही, पण मोजणीत उंच पट्टी धरून उभं राहायला माणूस लागतो, तिथं सगळं हाताच्या खुणांवर चालतं. आठ दिवस तेच करतो आहे. साहेब लांबून हात हलवतात, मी पट्टी हलवतो. गाडी नव्या ड्रायव्हरकडे गेली. जीप जाताना बघवत नाही, पण जिवात जीव आहे. गोजराही घरात शांत असते.

आता ज्यासाठी लिहायला बसलो ते. परवा गणू जेवायला होता. तो माझ्यासमोर बसून सावकाश बोलतो, मला कळतं. म्हणाला, त्या दिवशी बांधावर वैनी तुझ्या नावानं ओरडत होती. मी म्हटलं, काहीतरी बोलू नकोस. आमच्यात बायको नवऱ्याचं नाव घेत नाही, तुम्हाला सांगायला नको. लग्नातल्या उखाण्यानंतर अकरा वर्षांत तिनं माझं नाव कधी तोंडात घेतलेलं नाही. पोरांना हाक मारून मला बोलावते. रेशनच्या दुकानात नाव विचारलं तर थोरल्याला पुढं करते. गणू म्हणाला, आईची आन. जयदेव, जयदेव, असं सगळ्या बांधाला ऐकू जाईल असं ओरडत होती, पाण्यात धावत निघाली होती, बायकांनी धरली.

साहेबांनी ऐकलं, गणूनं ऐकलं, मासळीवाल्या बायकांनी ऐकलं. मी तेवढा राहिलो.

दादा, माझा डावा कानही आता गेला. मी तिला म्हटलं, घरात कोणी नसताना माझ्यासमोर बस आणि एकदा म्हण, मी ओठ बघीन. ती मान खाली घालते आणि उठून जाते. तुम्ही तिचे मोठे भाऊ. तिला पत्रात एवढं लिहा. तुमचं ती ऐकते.

जयदेव